खालच्या दोन ओळी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, दहावी १९९६ च्या तुकडीतर्फे केलेलं भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलताना घसरलेली दोन-चार वाक्यं तेवढी सावरली आहेत.)

आदरणीय गुरुजन, आणि ज्यांना आज तीस वर्षांनीही अहो-जाहो करायला जीभ वळत नाही असे माझे सगळे वर्गमित्र आणि मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' असा विषय दिला होता. मी नाही म्हटलं. त्या विषयावर आपल्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी सहा वाजता कुणी ना कुणी व्याख्यान पाठवतंच. मी आज चुंबकाबद्दल बोलणार आहे. जुनं झालेलं, टाकून दिलेलं चुंबक कुठे जातं आणि कुठे जायला हवं, एवढाच विषय आहे.

चुंबकाशी आपलं नातं जुनं. प्रयोगशाळेत लाकडी पेटीत दोन पट्टीचुंबक होते, निम्मे तांबडे, निम्मे निळे. हात लावायची परवानगी नव्हती, कारण पडले की त्यांचा जोर जातो. म्हणून आपण टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानातून फुटक्या स्पीकरचं काळं गोल चुंबक मागून आणायचो आणि घाटावरच्या वाळूत फिरवायचो. काळे केस उगवल्यासारखे कण त्याला चिकटायचे. ते लोखंडाचं खनिज, आपल्या काळ्या पाषाणातून झिजून आलेलं. तेव्हा वाटायचं, आपल्याला खाण सापडली.

त्याच प्रयोगशाळेच्या भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता होता. वरचा भाग बाईंनी आपल्याकडून घोकून घेतला. तक्त्याच्या खाली, चूल वेगळी मांडलेल्या भावांसारख्या, दोन ओळी होत्या. बाई म्हणाल्या होत्या, "त्या खालच्या दोन ओळी तूर्त सोडा, बोर्डाला येत नाहीत." बाई समोर बसल्या आहेत म्हणून सांगते, तक्रार नाही. अभियांत्रिकीलाही त्या आल्या नाहीत. मी संगणकाकडे गेले आणि पंचवीस वर्षं माहिती साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं. त्या ओळी माझ्या टेबलावर रोज होत्या हे मला फार उशिरा कळलं.

त्या दोनपैकी वरची ओळ, म्हणजे लँथॅनम ते ल्युटेशियम ही पंधरा मूलद्रव्यं, आणि जोडीला स्कँडियम आणि यट्रियम, अशी सतरा मिळून 'दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं' म्हणतात. नाव फसवं आहे. सिरियम हे त्यातलं एक, पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे. अडचण मिळण्याची नाही, वेगळं करण्याची आहे. ही मूलद्रव्यं एकाच दगडात एकत्र सापडतात आणि रासायनिक वागणूक इतकी सारखी की एकाला बोलावलं तर दुसरं उठून येतं.

आपल्या तुकडीत जुळे भाऊ होते, दोघंही आज आले आहेत. एकाने केलेल्या खोडीचा मार दुसऱ्याने खाल्ल्याची उदाहरणं सर्वांना आठवत असतील. रसायनशास्त्रात हेच झालं. मोसांडर नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये एक नवं मूलद्रव्य सापडलं असं समजून त्याला 'डिडिमियम' नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ जुळं. नाव लँथॅनमच्या जुळ्याचं म्हणून दिलं, पण ते डिडिमियम स्वतःच दोघांचं निघालं. हे कळायला चव्वेचाळीस वर्षं गेली. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने ते दोघे वेगळे केले. एकाचं नाव प्रासिओडिमियम, हिरवा जुळा, आणि दुसऱ्याचं निओडिमियम, नवा जुळा.

हा वेल्सबाख तुमच्या ओळखीचा आहे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरायच्या त्या गॅसबत्त्या आठवतात? त्यातली जाळी, जिला आपण मँटल म्हणायचो, ती त्याची. थोरियमच्या ऑक्साइडमध्ये किंचित सिरियम, की पांढराशुभ्र उजेड. त्या थोरियमसाठी त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळू जहाजं भरभरून युरोपात गेली. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स कंपनी काढली आणि १९५२ मध्ये केरळात अलुवा इथे कारखाना सुरू केला. म्हणजे या विषयात आपण काल आलेलो नाही. मग मागे का पडलो, हे सांगायला दुसरं भाषण लागेल आणि मला अर्धाच तास दिला आहे.

आता चुंबकाकडे. स्पीकरमधलं ते काळं चुंबक फेराइटचं, स्वस्त आणि मंद. जोरदार चुंबक हवं तर समेरियम आणि कोबाल्टचं होतं. पण कोबाल्ट मुख्यतः झाईरमधून यायचा, आणि १९७८ मध्ये तिथे लढाई पेटली तेव्हा त्याचे भाव भडकले. मासातो सागावा नावाचे जपानी अभियंते तेव्हा एका मोठ्या कंपनीत होते. कोबाल्टऐवजी साधं लोखंड वापरून चुंबक का करू नये, हा त्यांचा प्रश्न. कंपनीला त्यात रस नव्हता. त्यांनी नोकरी सोडली, दुसऱ्या कंपनीत गेले आणि १९८२ मध्ये निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं चुंबक करून दाखवलं. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जॉन क्रोट यांनी वेगळ्या रीतीने तेच साधलं. आज मोबाइल, पवनचक्की, विजेवर चालणारी मोटार, सगळीकडे हेच चुंबक आहे. वजनाच्या सुमारे तीस टक्के दुर्मिळ मृदा, एक टक्का बोरॉन, बाकी लोखंड. मोटारीत फार तापणार असेल तर थोडं डिस्प्रोसियम घालतात, कारण साधं निओडिमियम चुंबक उष्णतेने दुबळं होतं. डिस्प्रोसियमचा ग्रीक अर्थ 'मिळवायला कठीण' असा आहे, आणि हे नाव मात्र फसवं नाही.

आता माझी कबुली.

मी ज्या कंपनीत होते तिथे काही वर्षांपूर्वी एक जुनं डेटा सेंटर बंद करायचं ठरलं. साडेचार हजारांच्या आसपास हार्ड डिस्क काढायच्या होत्या. डिस्कवर ग्राहकांची माहिती, ती बाहेर जाता कामा नये. उपाय दोन होते. एक, सॉफ्टवेअरने माहिती अशी पुसायची की परत मिळणार नाही. दुसरा, डिस्क यंत्रात घालून तिचे तुकडे करायचे. माझं मत विचारलं गेलं. खरं तर आमच्या बहुतेक डिस्कवरची माहिती कुलूपबंद होती, सांकेतिक भाषेत. किल्ली नष्ट केली की आतली माहिती म्हणजे नुसता कचरा. अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची नियमावलीही हा मार्ग मान्य करते. मला हे माहीत होतं, माझं कामच ते होतं. तरी मी तुकडे करायच्या कागदावर सही केली. कारण सोपं होतं. पुसलेल्या डिस्कचं उद्या काही झालं असतं तर नाव माझं आलं असतं. तुकड्यांना कोण विचारतो?

ट्रक आला, डिस्क गेल्या, प्रमाणपत्र आलं. मी ते फाइलला लावलं.

पुढे करोनाच्या काळात घरातल्या तीन जुन्या डिस्क काढायच्या होत्या. आपल्या वर्गातला एक मित्र एमआयडीसी रस्त्यावर भंगाराचा व्यवसाय करतो. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे, नाव घ्यायचं नाही असं त्याने बजावलंय. माहेरी आले होते, त्याच्याकडे गेले. म्हटलं, माझ्यादेखत उघड, मला चकत्या फोडायच्या आहेत. त्याने चांदणीच्या आकाराचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पाच मिनिटांत डिस्क उघडली. आरशासारखी चकती, तिच्यावर फिरणारा छोटा हात, आणि हाताच्या बुडाशी, पोलादी पट्टीला चिकटलेली दोन चंद्रकोरी चुंबकं. वरून निकेलचा मुलामा, चकचकीत. पंचवीस वर्षं मी या यंत्रावर माहिती लिहिली आणि तो हात कशाने हलतो हे त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही चुंबकं एकमेकांजवळ नेली तर अशी झेपावली की माझ्या बोटाची कातडी मध्ये सापडली. आठवडाभर रक्ताचा काळा फोड होता.

मी विचारलं, याचं तू काय करतोस? तो म्हणाला, "कवच ॲल्युमिनियमच्या भावाने, हिरवी पाटी वेगळी, आणि हे पट्टीला चिकटलेलंच लोखंडात." मी म्हटलं, अरे, यात निओडिमियम आहे. तो शांतपणे म्हणाला, "मग त्याचा भाव सांग. घेणारा सांग."

मला सांगता आला नाही. घरी येऊन मी वाचायला बसले, आणि हे भाषण त्याला दिलेलं उशिराचं उत्तर आहे असं समजा.

आधी मी सही केलेल्या तुकड्यांचं काय झालं असणार ते सांगते. हे चुंबक ठिसूळ असतं. डिस्कचा चुरा करताना त्याचीही भुकटी होते, पण भुकटीतही चुंबकपणा शिल्लक असतो. ती यंत्राच्या भिंतींना आणि पोलादाच्या तुकड्यांना चिकटते. ते पोलाद भट्टीत जातं. भट्टीत निओडिमियमचं ऑक्साइड होऊन ते मळीत जातं, आणि मळीतून ते काढायचं म्हणजे खारट झालेल्या आमटीतून मीठ वेचून काढायचं. मोठ्या डिस्कमध्ये साधारण पंधरा ग्रॅम चुंबक धरलं तर साडेचार हजार डिस्कचं साडेसदुसष्ट किलो होतं. त्यातलं दुर्मिळ मृदा वीस किलो. डोंगर नव्हे, पण विजेच्या एका मोटारगाडीला एक ते दोन किलो चुंबक लागतं हे लक्षात घ्या.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये अहवाल काढला, त्यात दुर्मिळ मृदांचा पुनर्वापर एक टक्क्याहूनही कमी असल्याचं म्हटलं होतं. सोनं, चांदी, तांबं, शिसं आपण मोडीत घालतो. आपल्या घरात तुटक्या बाळीचा अर्धा ग्रॅमही कुणी फेकत नाही. निओडिमियम फेकलं जातं, कारण ते दिसत नाही.

यावर कोणी काही करतच नाही असं नाही. २०१० च्या सप्टेंबरमध्ये चीन आणि जपान यांच्यात एका मासेमारी बोटीवरून वाद झाला आणि जपानला जाणारा दुर्मिळ मृदांचा माल अडला. त्याच डिसेंबरमध्ये हिताची कंपनीने एक यंत्र जाहीर केलं. फिरत्या पिंपात डिस्क घालायच्या, त्या आदळून आपोआप सुट्या होतात आणि चुंबकं तासाला शंभर निघतात. हाताने काम करणाऱ्या माणसाच्या आठ पट. आमच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे पोरं त्याहून जास्त काढतील, भाव मिळू दे. मला त्याचं म्हणणं पटतं.

चुंबक निघाल्यावर पुढे काय, याचे मुख्य मार्ग दोन. पहिला म्हणजे ते विरघळवायचं आणि एकेक मूलद्रव्य पुन्हा वेगळं करायचं. आम्ल आणि रॉकेलसारखं एक द्रावण एकत्र घुसळतात. एक जुळा किंचित जास्त इकडे, दुसरा किंचित जास्त तिकडे, आणि हे शेकडो टप्प्यांत पुन्हा पुन्हा. दमवणारं काम, आम्लाचं सांडपाणी वेगळंच. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एम्स प्रयोगशाळेने यातली विरघळवायची पायरी आम्लाशिवाय करून दाखवली. तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात डिस्कचा चुरा टाकला की चुंबक विरघळतं आणि बाकी बरंच तसंच राहतं. म्हणजे मी सही केलेल्यासारखे तुकडेही वाया जायला नकोत, फक्त ते भट्टीआधी तिथे पोचले पाहिजेत. २०२५ मध्ये वेस्टर्न डिजिटल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी अमेरिकेतल्या डेटा सेंटरमधला सुमारे ५० हजार पाउंड माल या पद्धतीने काढल्याचं जाहीर केलं. ते वाचून मला बरंही वाटलं आणि वाईटही.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. तो इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठातला. तुम्हाला चुनकळी आठवते? रंग द्यायच्या आधी आजोबा पिंपात कळीचा चुना टाकायचे, पाणी घातलं की दगडासारखा खडा फुगायचा, तडकायचा आणि पीठ होऊन बसायचा. तिथे पाण्याच्या जागी हायड्रोजन वायू आहे. चुंबक म्हणजे बारीक कणांची भिंत, आणि कणांच्या सांध्यांत निओडिमियम जास्त. हायड्रोजन त्या सांध्यांत शिरतो, कण फुगतात आणि चुंबक भुकटी होऊन गळून पडतं. रसायनं नाहीत, मोठी उष्णता नाही. निकेलचा मुलामा सोलपटांसारखा निघतो, तो चाळून घ्यायचा. आणि गंमत म्हणजे या भुकटीत चुंबकपणा जवळजवळ उरत नाही, त्यामुळे ती पोलादाला धरून बसत नाही. मग हायड्रोजन काढून टाकायचा, भुकटी दाबायची, भाजायची, की नवं चुंबक. जुळ्यांना वेगळं करायची गरजच नाही, कारण नव्या चुंबकात पुन्हा दोघं एकत्रच हवे आहेत.

यातही पाणी घालून सांगू नये. डिस्कमधल्या चुंबकात डिस्प्रोसियम जवळजवळ नसतं, म्हणून ते जसंच्या तसं गाडीच्या तापणाऱ्या मोटारीत चालणार नाही. दुसरं, मागणी इतकी वाढते आहे की जुनी सगळी चुंबकं गोळा केली तरी खाणी बंद होणार नाहीत. आज बसवलेल्या पवनचक्कीतलं चुंबक वीस-पंचवीस वर्षांनी मोडीत येणार. आणि अनेक मोटारींमध्ये चुंबकं अशी चिकटवलेली असतात की काढताना फुटतात. करणाऱ्याने मोडणाऱ्याचा विचारच केलेला नसतो. हे मी सॉफ्टवेअरवाली सांगते आहे, आम्ही तर त्यात अट्टल.

मग कशासाठी करायचं? एक कारण सर्वांना ठाऊक आहे. जगातली दहापैकी नऊ अशी चुंबकं चीनमध्ये होतात. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम धरून सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि काही महिन्यांत पुण्या-चाकणच्या वाहन कारखान्यांत धावपळ उडाली. दुसरं कारण मला जास्त टोचतं. दक्षिण चीनमध्ये आणि म्यानमारच्या काचिन भागात डोंगरांच्या मातीत क्षाराचं पाणी सोडून ही मूलद्रव्यं धुऊन काढतात, आणि ते पाणी ओढ्यात उतरतं. आपल्याकडच्या मोनाझाइटमध्ये थोरियम असतं, किरणोत्सर्गी, म्हणून ते अणुऊर्जा खात्याच्या कायद्याखाली येतं. जुन्या चुंबकात यातलं काहीच नाही. ते काम कुणीतरी, कुठेतरी, एकदा करून ठेवलेलं आहे. आपण ते भट्टीत घालतो.

आपल्या सरकारने २०२५ मध्ये दोन योजना मंजूर केल्या: सप्टेंबरमध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी आणि नोव्हेंबरमध्ये देशात अशी चुंबकं बनवण्यासाठी ७,२८० कोटी. पण ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत पुनर्वापर करणाऱ्याला जी प्रमाणपत्रं मिळतात त्यांचा हिशोब सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर बसवला गेला. चुंबक लोखंडात गेलं तरी हिशोब जुळतो. आपल्या मित्राने वहीत जे लिहिलं होतं, तेच.

मी आता त्या कंपनीत नाही. नव्या ठिकाणी गेल्या वर्षी पुन्हा डिस्क काढायची वेळ आली, नऊशे होत्या. या वेळी मी पुसायच्या बाजूने बोलले. तीन बैठका लागल्या. शेवटी निम्म्या पुसून पुन्हा वापरात गेल्या. उरलेल्या बिघडलेल्या होत्या. त्यांची चुंबकं आधी काढून घेतली आणि चकत्यांचे तेवढे तुकडे केले. जास्तीचा खर्च मलाच समजावून सांगावा लागला आणि वरिष्ठ फारसे खूश नव्हते. चुंबकांची ती दोन खोकी अजून गोदामात आहेत, नोंदणीकृत घेणाऱ्याशी बोलणं चाललंय. भाव अजून ठरलेला नाही. तिसऱ्या रांगेत मी दर महिन्याला कळवते.

शेवटी एक कामाचं. बाहेर चहाच्या टेबलाजवळ लाकडी खोकं ठेवलंय. गटावर सांगितल्याप्रमाणे ज्यांनी घरच्या जुन्या हार्ड डिस्क आणल्या असतील त्यांनी त्यात टाकाव्यात, पण मुलांच्या बारशाचे फोटो दुसरीकडे उतरवून घेतले आहेत ना, हे एकदा बघा. माहिती पुसायची असेल तर जेवणानंतर मी लॅपटॉप घेऊन खोली क्रमांक सातमध्ये, म्हणजे आपल्या दहावी 'ब'च्या वर्गात बसले आहे. उघडून दाखवायला दोन सुटी चुंबकंही आणली आहेत. ती लाकडी फळीच्या दोन टोकांना बांधली आहेत, सोडू नका. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी, सर, विशेषतः तुम्ही, कृपया त्या टेबलापासून लांब बसा. तुमचा चहा मी आणून देते.